गाईचं म्हणून विचारलं

लागोपाठ तिसऱ्या दिवशी डेअरीवरून दुधाचा कॅन परत आला.

घुम्यानं सायकल भिंतीला टेकवली, कॅन उतरवला आणि गोठ्याच्या दाराशी ठेवला. घुम्या म्हणजे काकूचा मुलगा. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे लहानपणापासून याच्या जिवावर यायचं, म्हणून शाळेतल्या मास्तरांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आणि काकू त्याची सख्खी आई. पण घरातली चुलतभावंडं काकू म्हणायची म्हणून हाही काकूच म्हणायला लागला, आणि मग सगळं गाव. चार गाई, एक गोठा आणि मागे दोन वाफे चारा, एवढ्यावर या बाईनं नवऱ्यामागे घर ओढलेलं. कुणाची गाय अडली की माणसं आधी काकूकडे पळायची, तिच्यानं नाही झालं तर डॉक्टरकडे.

"काय म्हणाला?" काकूनं विचारलं.

"वास येतो म्हणाला."

"वास येणारच. दूध आहे ते. अत्तर पाहिजे होतं का त्याला?"

"आठ दिवस बघतो म्हणाला. नाहीतर आपलं दूध घेणार नाही."

काकूनं झाकण काढून नाक घातलं. आता खोटं कशाला बोला, वास होता. उग्र, नाकात बसणारा. दोन दिवस तिनं कॅन सोडा घालून उकळत्या पाण्यानं घासला होता, उलटा करून उन्हात टाकला होता. गाळायचं फडकं नवं घेतलं होतं. कासा धुऊन पुसून कोरड्या केल्या होत्या. आता आणखी काय धुवायचं? काकू गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि नको नको म्हणताना तिची नजर घरामागे गेली. तिथं सून आपण घेतलेली फडकी धुऊन दोरीवर वाळत घालत होती. सकाळपासून तिसऱ्यांदा.

सात महिने झाले होते. ऐन पावसाळ्यात सून बाळंत झाली. मूल हाती लागलं नाही. आणि तेव्हापासून तिची लघवी थांबेना. बसली की, उठली की, झोपेत, चालताना, कधीही. थेंब थेंब नाही, धार लागल्यासारखी. "बाळंतपणात सैल होतं गं, होईल दोन महिन्यांत घट्ट," काकूनं सांगितलं. दोनाचे चार झाले. मग काकूनं सांगितलं, "पाणी कमी पी." पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की दिवसाकाठी दोन घोट पाण्यावर राहायला लागली. ओठ फुटले, डोळे खोल गेले, आणि गळायचं ते गळतच राहिलं, उलट आता त्याला आणखी घाण वास यायला लागला. मांड्या सोलवटून निघाल्या. पाय फाकवून चालायची. काकूनं तिचं अंथरूण चाऱ्याच्या खोलीत टाकलं. घुम्या ओट्यावर झोपायला लागला. का, कुठं, कशाचं, असं घरात कोणी कोणाला विचारलं नाही. बायकांचं काहीतरी आहे, एवढं घुम्याला माहीत. त्यापुढे त्यानं डोकं चालवलं नाही आणि काकूनंही चालवू दिलं नाही.

"इकडे ये गं," काकूनं हाक मारली.

सून आली, पण चार हात लांबच थांबली. हल्ली ती सगळ्यांशी चार हात लांबून बोलायची.

"उद्यापासून दूध मी काढीन. तू गोठ्यात येऊ नकोस."

सुनेनं मान खाली घातली. "कबरी तुम्हाला पान्हा नाही सोडणार," ती म्हणाली.

"मला? तुझ्या जन्माच्या आधीपासून काढतेय मी दूध!"

दुसऱ्या दिवशी कबरीनं काकूला इंगा दाखवला. चौघींत तीच खरी दुधाची, आणि हात फक्त सुनेचा ओळखायची. काकू बसली तर शेपूट तोंडावर, पाय आपटणं, दूध चोरून धरणं. काकूनं तिला चुचकारलं, शिव्या दिल्या, शेवटी पुढ्यात हिरव्या गवताचा भारा टाकला. शेतातला चारा संपल्यापासून ओढ्याकाठचं गवत कापून आणत होते, त्याचा. कबरी गवतात तोंड घालून उभी राहिली तेव्हा कुठं अर्धी बादली दूध मिळालं. मग रोज तेच. आधी भारा, मग बादली.

आणि वास वाढला. सुनेनं गोठ्यात पाऊल टाकलं नाही तरी वाढला. काकूचं डोकं चालेना. घरातच भरलाय तो, तिनं स्वतःची समजूत घातली. भिंतींना लागलाय. चाऱ्याच्या खोलीतून येतोय. पाचव्या दिवशी तिनं सुनेच्या भावाला निरोप धाडला: रविवारी येऊन बहिणीला घेऊन जा, बरं वाटेपर्यंत राहू दे तिकडे. बरं वाटेपर्यंत म्हणजे किती, हे निरोपात नव्हतं. ते सगळ्यांनाच कळतं.

सून रडली नाही. भांडली नाही. गुरुवारी सकाळी तिनं आपले चार कपडे पिशवीत भरले आणि गोठ्याच्या दाराबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली.

"काकू, कबरीच्या डाव्या बाजूनं बसत जा. उजवीकडून कोणी बसलेलं तिला खपत नाही. आणि मागच्या डाव्या सडापासून सुरुवात करा. वितानाच्या वेळी मागं टाके पडले होते ना तिला, तिकडे हात गेला की बिचकते. आधी बोलायचं तिच्याशी."

"काय बोलायचं?"

"काहीही. मी भाजीत मीठ जास्त झालं ते सांगायचे."

काकूला हसू आलं आणि अर्ध्यावरच राहिलं. टाके. कबरीचे टाके. ती बादली तिथंच ठेवून उठली. "मी जरा जाऊन येते," एवढंच म्हणाली आणि पायात चपला सरकवून गुरांच्या दवाखान्याकडे चालू लागली.

वाटभर तिनं वाक्यं जुळवली आणि मोडली. माणसांच्या डॉक्टरपुढे हे बोलायचं म्हणजे जीभ कापून हातात घेतल्यासारखं. पण गुरांच्या डॉक्टरपुढे काकूनं आजवर काय नव्हतं बोललं! कास, सड, वार, अंग बाहेर येणं, सगळं. तिथं लाज कसली? गाईचं म्हणूनच विचारलं तर?

दवाखान्यात डॉक्टर एका वासराच्या कानातले किडे काढत होता. मालक वासरू धरून उभा होता. काकू त्याचं काम होईपर्यंत बाकावर बसली. वासरू गेलं.

"या काकू. कबरी काय म्हणते?"

"कबरी बरी आहे. दुसरीच एक गाय आहे. आपली नाही. ओळखीतली."

"काय होतंय तिला?"

"लघवी थांबत नाही. सारखी गळते. उभी असली तरी, बसली तरी."

डॉक्टर चिमटे धुवायला लागला. "किती वेताची?"

"पहिल्याच."

"वासरू?"

"मेलेलं निघालं."

"अडली होती?"

"हो. म्हणजे, एक रात्र."

"एका रात्रीत एवढं होत नाही, काकू. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

काकूनं बाकाच्या फळीवर नखानं रेघ ओढली. "तीन दिवस."

"तीन दिवस!" डॉक्टरनं मागे वळून पाहिलं. "आणि मालक काय करत होता? वासराचं डोकं तीन दिवस एकाच जागी दाबून राहिलं की आतलं मांस मरतं. मग कुजून भोक पडतं. गाय वाचली हेच नवल." त्यानं चिमटे फडक्यावर मांडले. "सांगा त्यांना, विकून टाका म्हणावं. अशी गाय ठेवून काय करणार?"

काकू बसल्या जागी बसून राहिली.  बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ती गाय नाही."

डॉक्टरचा हात फडक्यावरच राहिला. त्यानं काकूकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते काकूला बघवलं नाही.

"तुमची सून," तो म्हणाला. "मी त्या दिवशी आलो होतो. कबरी अडली होती तेव्हा."

हो. आला होता. पावसात, बूट हातात घेऊन. सुनेच्या कळांचा दुसरा दिवस होता तो. नेमकी त्याच दिवशी कबरीही अडली, आणि काकूनं घुम्याला भर पावसात पिटाळलं, डॉक्टर आण म्हणून. गाईसाठी पिटाळलं. डॉक्टरनं वासरू ओढलं, कबरी फाटली होती तिथं टाके घातले, आणि हात धूत असताना आतून कण्हणं ऐकून म्हणाला, 'आत कोण आहे? हॉस्पिटलात न्या.' काकू म्हणाली, 'पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच. आम्हाला काय कमी वेळ लागला?' त्याला चहा दिला. तो चहा पिऊन गेला. सून त्यानंतर आणखी दीड दिवस तशीच.

"मी तेव्हा जोर करायला हवा होता," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. मग खुर्ची ओढून काकूसमोर बसला. "काकू, हे बरं होतं. बाईचं बरं होतं. ऑपरेशन करतात. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात शुक्रवारी एक डॉक्टरीणबाई येते, ती हेच करते. उद्याच शुक्रवार आहे. मी चिठ्ठी देतो."

"बरं होतं?" काकूनं विचारलं. मग परत विचारलं, "म्हणजे, बंद होतं?"

"बहुतेकींचं होतं."

सात महिने! काकू घरी परत येताना रस्त्यानं मोठ्यानं बोलत होती, आणि आपण कोणाशी बोलतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. रोग आहे म्हणतो. भोक आहे म्हणतो. आणि मी म्हटलं पाणी कमी पी.

शुक्रवारी पहाटे दोघी बसस्टॉपवर गेल्या. घुम्यानं विचारलं, कुठं? काकू म्हणाली, "दवाखान्यात. गाई बघ. हिच्या भावाला सांग, येऊ नको." घुम्यानं बायकोकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नेहमीसारखं मिटलं.

बस निम्मी रिकामी होती. काकूनं खिडकी धरली. सून बसली नाही.

"अगं बस की."

"नको."

"दोन तास उभी राहणार आहेस का?"

सून नुसती सीटच्या कापडाकडे बघत राहिली. तेव्हा काकूच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन तास सून मागच्या दाराजवळ, दांड्याला धरून, पाय घट्ट आवळून उभी राहिली. दोन थांब्यांनंतर चढलेल्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे जाऊन बसली. काकूनं ते पाहिलं. सुनेनंही पाहिलं. काकूनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं, आणि अख्खा प्रवासभर तिला एक गोष्ट कळली नाही: आपण उठून तिच्याजवळ जाऊन उभ्या का राहिलो नाही?

हॉस्पिटलात बाकांच्या रांगा, फिनेलचा वास, आणि जिथं बघावं तिथं बाणच बाण. एका बाणानं त्या नेमक्या निघाल्या तिथंच परत आणून सोडल्या. शेवटी एका झाडूवालीनं हात धरून योग्य दारापाशी नेलं. आत एक जाडजूड सिस्टर कागद भरत होती. ती सुनेपाशी येऊन उभी राहिली. अगदी जवळ. नाकाला काही लावलं नाही. तिनं आधी खुर्चीवर रबराचं कापड टाकलं आणि म्हणाली, "बस बाळा. इथं सगळ्या अशाच येतात." सून बसली, आणि बसल्याबरोबर रडायला लागली. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"कळा किती वेळ होत्या?" सिस्टरनं विचारलं.

सुनेनं डोळे पुसले. काकूकडे बघितलं नाही. "आठवत नाही," म्हणाली.

काकू चमकली. आठवत नाही कसं? हिला गोठ्यातली प्रत्येक तारीख आठवते! सिस्टरचं पेन थांबलं होतं. गावात सगळ्यांना एक रात्र सांगितलेलं. एक रात्र म्हणावं आणि मोकळं व्हावं.

"तीन दिवस," काकू म्हणाली. "म्हणजे साडेतीन. मी थांबवलं. लिहा तसं."

सिस्टरनं लिहिलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकूला वाटलं.

डॉक्टरीणबाई बारीक, चष्म्याची, भराभर बोलणारी. तिनं पडद्याआड तपासलं. एका नळीतून लघवीच्या पिशवीत निळं पाणी सोडलं आणि खाली पांढरा कापूस ठेवला. सुनेनं काकूचा हात धरायला हात बाहेर काढला होता, म्हणून काकूला आत जावं लागलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईनं कापूस चिमट्यात धरून वर केला. निळाभोर.

"हे औषध का?" काकूनं विचारलं.

"औषध नाही, आजी. हे पिशवीत सोडलं होतं. पिशवीतच राहायला हवं होतं. जिथून यायला नको तिथून आलंय. म्हणजे भोक आहे."

मग तिनं कागदावर चित्र काढलं. काकूनं आधी कागद उलटा धरला, मग सुलटा. तीन वाटा होत्या. एक लघवीची, एक मुलाची, एक शौचाची. काकूनं बोटानं मोजल्या. तीन? पंचावन्न वर्षांत तिच्या हिशेबी दोनच होत्या. कबरीचं आतलं सगळं तिला हाताला पाठ, कोपरापर्यंत हात घालून ती वासरू वळवायची, आणि स्वतःचं एवढं माहीत नाही? तिला शरमही वाटेना, इतका गोंधळ झाला होता.

"मुलाचं डोकं इथं अडकलं," डॉक्टरीणबाईनं पेनानं ठिपका दिला. "ही आणि ही, दोन्हींमधली भिंत दबून मेली. तिची काही चूक नाही. घाणेरडेपणा नाही, आळस नाही. कळलं?"

काकूनं मान हलवली. कळलं होतं का, देव जाणे.

"आणि पाणी किती पिते ही? ओठ बघा."

सुनेनं पदरानं ओठ झाकले.

"भरपूर प्यायचं. कमी प्यालं की लघवी कडक होते, कातडी जाळते, वास वाढतो. कोणी सांगितलं कमी प्यायला?"

सून जमिनीकडे बघत होती. "मीच ठरवलं," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा.  ही मला का वाचवते? मी हिची कोण लागते? तिला तिथंच विचारावंसं वाटलं, पण डॉक्टरीणबाई पुढचा कागद भरायला लागली होती.

मांड्यांना मलम लावून, पाणी पाजून, आधी दहा दिवस कातडी बरी केली, मग त्यापुढच्या शुक्रवारी ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन आठवडे नळी. वॉर्डात आणखी चार बायका होत्या, सगळ्यांच्या खाटेखाली तशाच पिशव्या लटकलेल्या. एक अकरा वर्षं गळत होती. अकरा! तिचं हे तिसरं ऑपरेशन. ती सगळ्यांत जास्त विनोद करायची. "माझ्या नवऱ्यानं मला सोडली, पण माझ्या लघवीनं नाही सोडली," म्हणायची, आणि वॉर्ड हसायचा. काकूला कळायचं नाही की हसावं का उठून बाहेर जावं. ती खाटेशेजारी जमिनीवर बसायची, दर तासाला सुनेला पेलाभर पाणी द्यायची आणि पिशवी भरली की सिस्टरला सांगायची. नळी पिळवटली नाही ना, हे दिवसातून पन्नासदा बघायची. आणि मनातल्या मनात एकच: नळी काढल्यावर काय?

ऑपरेशननंतरच्या रविवारी घुम्या आला. हातात पिशवी, पिशवीत फळं. खाटेशी उभा राहून त्यानं बायकोकडे बघितलं आणि, आता काय सांगावं, चक्क बोलला.

"दूध परतच येत होतं."

"काय?" काकू म्हणाली.

"तुम्ही दोघी इकडे आल्यावरही येत होतं. मग मी गुरांच्या डॉक्टरला घरी आणलं. त्यानं गाई बघितल्या. मग गवताचा भारा उचलून वास घेतला. ओढ्याकाठच्या गवतात एक उग्र तण आहे म्हणाला. धारेच्या आधी घातलं की दुधात वास उतरतो. धार झाल्यावर घाला म्हणाला." एवढं बोलून तो दमला. मग म्हणाला, "धारेनंतर घालतोय. तीन दिवस झाले, डेअरीवर पुन्हा दूध घेतात."

वॉर्डात पंखा फिरत होता. काकू भारे आठवत होती. ज्या दिवशी हिला गोठ्यातून काढलं त्या दिवसापासून आपणच ते गवत हातानं कबरीच्या पुढ्यात टाकलं. आधी भारा, मग बादली. वास वाढला तो आपल्या हातानं. आणि निरोप हिच्या भावाला.

घुम्या खाटेच्या कडेवर बसला. चार हात लांब नाही, अगदी कडेवर. बायकोच्या पायाच्या बोटाला हात लावून म्हणाला, "मला माहीत नव्हतं." सुनेनं पाय काढून घेतला नाही. 

पंधराव्या दिवशी सकाळी सिस्टरनं नळी काढली. "पाणी पी आणि चाल," म्हणाली. "लागली की सांग. लागली कळेल ना?"

"कळत होतं की आधी," सून म्हणाली. "आता बघते."

ती खाटेवरून उतरली. भिंतीला हात लावून दारापर्यंत गेली, वळली, परत आली. काकू तिच्या मागोमाग चालत होती आणि तिचे डोळे सुनेवर नव्हते, फरशीवर होते. पांढरी फरशी. एक चक्कर झाली, दोन झाल्या. काकू खाली वाकली आणि तिनं तळवा फरशीवर फिरवला. अकरा वर्षांवाली खाटेवरून ओरडली, "काय आजी, फरशी पुसताय का?" काकूनं तळवा वर करून तिला दाखवला. कोरडा होता. 

मध्येच सून थांबली. "सिस्टर," म्हणाली, "लागली." आणि एखादी राणी निघावी तशी एकटी संडासाकडे चालत गेली. वॉर्डातल्या चौघींनी टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांवालीनं सगळ्यांत जोरात. तिची नळी अजून निघायची होती.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईनं बजावलं. जड उचलायचं नाही. तीन महिने नवऱ्यानं लांब राहायचं. आणि पुढचं बाळंतपण हॉस्पिटलातच, कळा यायच्या आधी. काकूनं सगळं दोनदा म्हणून दाखवलं.

परतीची बस दुपारची. सून चढली, खिडकीची सीट बघितली आणि बसली. मांडीवर पिशवी घेऊन, पाय सैल सोडून. काकू मात्र दांड्याला धरून उभीच राहिली. शेजारची जागा रिकामी होती, पण बसायला तिचं मन होईना. का ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. बस सुटली. एक थांबा गेला, दुसरा गेला.

"बसा ना काकू. उभ्या का?"

काकू बसली. आणि बसताना, सात महिन्यांची सवय, तिचा हात आपोआप सीटवरून फिरला. सुनेनं ते पाहिलं.

"कोरडी आहे," ती म्हणाली.

काकूनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तिसरा थांबा गेला. शेवटी काकूला राहवलं नाही.

"आठवत नाही का म्हणालीस तू? त्या दिवशी, सिस्टरला. तुला सगळं आठवतं."

"आठवतं." सून खिडकीतून बाहेरच बघत होती. "डॉक्टर हात धूत होता. पाण्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, हॉस्पिटलात न्या. तुम्ही म्हणालात, वेळ लागणारच. मग कपबशीचा आवाज."

"ऐकलंस तू?"

"सगळं."

"अगं मग ओरडली का नाहीस? म्हणायचंस मला, न्या म्हणून! त्याच्यासमोर ओरडली असतीस तर..."

"मला वाटलं तुम्हाला कळतं," सून म्हणाली. "सगळ्या गावाच्या गाई तुम्ही सोडवता."

रागानं नव्हती म्हणाली. दुपारी गाईला पाणी दाखवलं का, असं सांगताना जो आवाज असतो तसा आवाज होता. काकूला वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं. कंडक्टर येऊन गेला, कोणीतरी उतरलं, कोणीतरी चढलं. काकू बोटं मोडत होती, एकेक करून, आवाज येईपर्यंत.

"मला कळत नव्हतं," ती म्हणाली. आयुष्यात हे वाक्य तिनं कोणाला म्हटलं नव्हतं, नवऱ्याला नाही, डेअरीवाल्याला नाही. "मला काही काही कळत नव्हतं गं. मी नुसती बोलत होते."

सुनेनं मान हलवली. माफ केलं म्हणून, की ऐकलं म्हणून, ते काकूला समजलं नाही. मग सुनेनं पिशवीतून बाटली काढली, घटाघट अर्धी बाटली पाणी प्यायली आणि तोंड पुसलं.

"पुढच्या वेळी मी ओरडेन," ती म्हणाली.

"ओरड," काकू म्हणाली. "गाव गोळा होईल इतकं ओरड."

सुनेनं उरलेली बाटली तिच्यापुढे धरली. काकूनं ती घेतली आणि प्यायली.